वाघ नंतर, आधी धनेश

प्रश्न : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांना नेतोय. धाकटी पाच वर्षांची. पेंढा भरलेले प्राणी बघून घाबरेल का?

उत्तर : घाबरली तर कडेवर घ्या! ‘हे मेलेत का?’ असं विचारेलच. सरळ ‘हो’ म्हणा. अख्खी इमारत पालथी घालू नका, थेट निसर्गविज्ञानाचं दालन गाठा. वाघाकडे सगळेच धावतात. मी आधी धनेशापाशी, म्हणजे त्या मोठ्या चोचीच्या पक्ष्यापाशी थांबते. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून फळं भरवतो. माझा नातू लगेच म्हणाला, ‘आणि शी कुठे करते?’ त्याच फटीतून, नेम धरून बाहेर! मग रोहित पक्षी दाखवा. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत ते खरेखुरे दिसतात. पाट्या वाचून दाखवायचा उत्साह मात्र आवरा.