आधी आकडा, मग पेन

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मायामीहून सुटणारं जहाज, पहिलंच कॉन्ट्रॅक्ट, गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, असिस्टंट कुक, आणि प्रश्न हा की रात्री दहाला क्लॉक आउट करून, म्हणजे काम संपल्याची नोंद करून, पुन्हा अन्न गार करायच्या चिलरपाशी उभं राहायचं की नाही. सगळेच राहतात म्हणतोस. अन्न किती वेळात किती गार झालं याची नोंद, तो कूलिंग लॉगही शेवटी एका बैठकीत भरून टाकतात म्हणतोस. उकाडा, बंक, केबिनमेटचं घोरणं यावर मी बोलणार नाही, त्याची सवय होते. या दोन गोष्टींची मात्र सवय होऊ देऊ नकोस.

आधी आकडा बघ, घड्याळ बघ, मग पेन उचल. तुझ्या सगळ्या प्रश्नांना माझं एवढंच उत्तर आहे. आवडणार नाही, माहीत आहे.

उदाहरणाला क्रू मेसचा, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या जेवणाचा, भात घे. भात शिजला तरी बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू त्यात जिवंत राहू शकतात. भात रेंगाळत गार झाला की ते जागे होतात, आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर भात कितीही गरम केलास तरी जात नाही. म्हणून नियम दोन टप्प्यांचा: ५७ अंश सेल्सिअसवरून २१ पर्यंत दोन तासांत, आणि २१ वरून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. तुझा प्रोब, म्हणजे अन्नात टोचायचा थर्मामीटर, फॅरनहाइट दाखवत असेल तर १३५, ७० आणि ४१. पहिल्या टप्प्याला दोनच तास, कारण जंतू त्या पट्ट्यात झपाट्याने वाढतात. खोल भांड्यातला भात वरून गार लागतो आणि मधोमध दोन तासांनीही वाफाळत असतो. उथळ ट्रेमध्ये पसर, थर जेमतेम दोन इंच. चिलरमध्ये झाकण लावू नकोस, ट्रेवर ट्रे चढवू नकोस, वारा फिरायला हवा. डाळ असेल तर पातेलं आधी बर्फाच्या पाण्यात बसवून ढवळ. प्रोब सगळ्यात जाड जागी टोच, तळाला टेकू देऊ नकोस, आकडा स्थिरावेपर्यंत हात हलवू नकोस. दोन तासांत २१ आला नाही तर टाकून दे, आणि टाकला असंच लिही.

प्रोब खरं सांगतोय का, तेही बघत जा. ग्लास बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भर, वर थोडं पाणी, ढवळ, प्रोब मधोमध धर, अर्धा मिनिट थांब. शून्य यायला हवं, फॅरनहाइटमध्ये ३२. एका अंशाहून जास्त फरक दिसला तर तो प्रोब बाजूला ठेव आणि शेफला सांग. खोटं बोलणाऱ्या प्रोबने भरलेला लॉग म्हणजेही अंदाजपंचे दाहोदरसे.

तू म्हणशील, इन्स्पेक्टर काय रोज येतो? नाही येत. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांवर सीडीसीचे, म्हणजे अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याचे, लोक साधारण वर्षातून दोनदा येतात, न सांगता. जहाजावर ज्याला सगळे यूएसपीएच म्हणतात ते हेच. शंभरातून गुण, ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास, आणि निकाल जगजाहीर. त्या माणसाला लॉग वाचायला वेळ लागत नाही. सहा नोंदी एकाच पेनच्या, एकाच दाबाच्या, आणि भात असो की सॉस, सगळं बरोबर दोन तासांनी नेमकं २१ वर आलेलं. खरा भात इतका शिस्तीचा नसतो. मग तो स्वतःचा प्रोब काढतो.

आता तुझ्या क्लॉक आउटकडे येऊ. १०:०० ला तू कागदावर झोपायला गेलास, आणि कूलिंग लॉगवर तुझी सही ११:१५ ची. या दोन कागदांतला खोटा कुठला? कुणीतरी विचारेलच, आणि तेव्हा उत्तर द्यायला सूस शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा शेफ, शेजारी उभा नसेल. त्या वेळात हात भाजला तर मेडिकलमध्ये, जहाजाच्या दवाखान्यातही, पहिला प्रश्न तोच.

विश्रांतीचा नियम पाठ कर. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या हिशोबाने कोणत्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत किमान ७७. ते १० तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक तरी सलग सहा तासांचा. तुझ्या वेळा मांड: ६:३० ते १०, ११:३० ते २:३०, ५:३० ते १०. रात्रीचे साडेआठ आणि दुपारचे तीन मिळून साडेअकरा तास, छान बसतं. सकाळचा दीड तास धरायचा नाही, तो तिसरा तुकडा. आता पावणेबारापर्यंत थांबून बघ: रात्रीचे पावणेसात, अधिक तीन, म्हणजे पावणेदहा. मोडला नियम. त्यात दुपारी ड्रिल, म्हणजे आणीबाणीचा सराव, लागलं तर बोलायलाच नको.

भांडू नकोस. रात्री दहाला तापलेल्या गॅलीत भांडण कुणी जिंकत नाही. एवढंच म्हण, "शेफ, क्लॉक इन करून करतो." काम नाकारायचं नाही, खोट्या नोंदीचं पेन नाकारायचं. मग त्याला तुझी सकाळ उशिरा लावावी लागेल किंवा दुसरा माणूस उभा करावा लागेल, आणि ते त्याचं काम आहे. खिशात छोटी वही ठेव: तारीख, आत, बाहेर. तुझ्या तासांच्या नोंदीची सही केलेली प्रत मिळणं हा तुझा हक्क आहे. न वाचता सही करू नकोस. जुळत नसेल तर आधी एचआर, मग कॅप्टन. जहाजावर तक्रारीची लेखी पद्धत असायलाच हवी, आणि तक्रार केली म्हणून त्रास देणं त्याच कन्व्हेन्शनने मना केलं आहे. तरी तोंडं वाकडी होतील, ती होऊ देत. मलाही खडूस म्हणतात, कागदी घोडे नाचवणारा म्हणतात. बढत्या पुढे-पुढे करणाऱ्यांना मिळाल्या, हे खुपतं. पण माझ्या सहीच्या कागदाला मी घाबरत नाही, आणि हे सुख मी स्वस्तात विकणार नव्हतो.

पोट बिघडलं तरीही हेच. जुलाब लपवून लाइनवर उभा राहू नकोस. अन्न हाताळणाऱ्याला लक्षणं थांबल्यावर ४८ तास वेगळं ठेवतात, ते मुकाट्याने काढ. जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझरचं फारसं चालत नाही. साबण, पाणी, वीस सेकंद.

राहिली बेटं. तू विचारलंस, कोझुमेलला उतरता येईल का. इन-पोर्ट मॅनिंगच्या, म्हणजे बंदरात जहाजावरच थांबायचं असलेल्यांच्या, यादीत नाव नसेल आणि आदल्या रात्रीची झोप पुरी झाली असेल तर उतर. ग्रँड केमनचा भरवसा धरू नकोस. तिथे जहाज नांगरावर राहतं, किनाऱ्यावर नेणाऱ्या टेंडर बोटीत पाहुणे आधी, आणि तुझे तीन तास रांगेतच जातात. घड्याळ मात्र जहाजाच्या वेळेवर ठेव. मार्च ते नोव्हेंबर मायामीचं घड्याळ पुढे असतं, आणि कोझुमेल, केमन, जमैका तासभर मागे. फोन आपोआप बेटाची वेळ धरतो. फोनवर तीन वाजलेले दिसतात तेव्हा मायामीच्या वेळेवर चालणाऱ्या जहाजावर चार झालेले असतात, आणि क्रूला पाहुण्यांच्याही आधी परतायचं असतं. गँगवेच्या, म्हणजे जहाजातून उतरायच्या वाटेवरच्या, फळ्यावरची वेळ बघ, मनगटावर बघ, मग बाहेर पड.

आज रात्री चिलरपाशी जाण्याआधी बर्फाचा ग्लास भर, आणि प्रोबवर किती आलं ते मला कळव. अंदाजे नको.