सोनी ए६४०० कॅमेऱ्यासाठी एकच झूम लेन्स: सोनीची १८-१३५ मिमी की टॅमरॉनची १७-७० मिमी?

वेरूळ-अजिंठा, घरची लग्नं आणि जमलंच तर पैठणचे पक्षी, एवढं सगळं तुम्हाला एकाच लेन्समध्ये हवंय तर माझं मत टॅमरॉन १७-७० एफ/२.८ ला (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त उजेड).

कारण उजेड. वेरूळला कैलास लेण्याचं अंगण उघडंच आहे, तिथं कुठलीही लेन्स चालेल. पण अजिंठ्याला पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं राहिलं की मिणमिणता उजेड, त्यात फ्लॅशला बंदी. सोनीची १८-१३५ झूम ताणली की एफ/५.६ वर जाते, म्हणजे एफ/२.८ च्या चौथाई प्रकाश. चित्र जागचं हलत नाही, त्यामुळं तिथं लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनवर, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या सोयीवर, निभावतं (ते दोन्ही लेन्समध्ये आहे, आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत नाही, म्हणून हवंच). रात्रीच्या वरातीत नाचणाऱ्या पोरांना मात्र त्याचा काही उपयोग नाही. तिथं शटर १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं, आणि एफ/५.६ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) असा चढतो की चेहऱ्यांवर दाणे दिसतात.

वजनाचं म्हणाल तर टॅमरॉन ५२५ ग्रॅम, सोनी ३२५. दिवसभर गळ्यात फरक जाणवतो, खोटं कशाला बोलू. लग्नं नसतीच तर मी डोळे झाकून १८-१३५ म्हणालो असतो.

सिग्मा १८-५० हलकी नि छान आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही.

पैठणच्या जायकवाडी धरणावरच्या फ्लेमिंगोंचा नाद या बजेटमध्ये सोडा. त्यांना १३५ मिमीची झूम सुद्धा पुरत नाही.