तुझ्या लाल शिडाच्या बोटीबद्दल

प्रिय पोरी,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाईट वाटलं. दुसऱ्यांदा राग आला, आधी त्या गृहस्थांचा आणि मग थोडा तुझाही. दोन महिने खरवडून, घासून, रंगवून तू ती मिरर डिंगी, ती छोटी शिडाची बोट, पाण्यात उतरण्याजोगी केलीस. जुन्या बोटींच्या मेळाव्यात कुणीतरी तिच्या बुडावर बोटाने टकटक करून ‘प्लायवुड आहे, ही कसली क्लासिक’ म्हटलं, आणि तू लगेच ती विकून वॉर्निश केलेली जुनी बोट घ्यायला निघालीस?

तू मला तीन गोष्टी विचारल्यास. क्लासिक धरायला बोट किती जुनी लागते, लाकूड कोणतं लागतं, आणि मूळचे किती भाग शिल्लक असावे लागतात. या तिन्हींची उत्तरं देता येतात, पण ती मिळून हाती काही लागत नाही. जुन्या डिंग्यांच्या शर्यती घेणाऱ्या संघटना एखादं साल ठरवतात, कारण नावं नोंदवताना कुठेतरी रेघ मारावीच लागते. ती त्यांची सोय आहे. तू त्या सोयीला व्याख्या समजून बसलीस.

विचारायचं ते वेगळंच. ही बोट कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आली, आणि ते उत्तर पाण्यावर अजून खरं ठरतं का? मला चाळीस वर्षं लागली हे कळायला, म्हणून तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

डब्लिनजवळ १८८७ साली वॉटर वॅग नावाच्या डिंग्या सुरू झाल्या. त्या काळी छोट्या बोटींच्या शर्यतीतही ज्याचा खिसा जड, त्याची बोट पुढे; कारण तो दर हंगामात आधीपेक्षा वेगवान बोट बांधून घेणार. मिडलटन नावाच्या गृहस्थांनी सुचवलं, की सगळ्यांनी एकाच आराखड्याच्या बोटी घ्याव्यात, म्हणजे वारा कुणाला कळतो ते दिसेल. एकाच आराखड्याच्या बोटींचा जगातला पहिला वर्ग म्हणून तिचं नाव घेतात. इथवर तुला ठाऊक असेल. पुढचं नीट वाच. १९०० साली त्यांनी तो आराखडाच बदलला. आधीची बोट १३ फुटी, दोन्ही टोकांना निमुळती होती. नवी १४ फूट ३ इंचांची, मागे ट्रान्सम, म्हणजे सपाट उभी फळी, असलेली, आणि ती काढली बोट बांधणाऱ्या डॉयल यांच्या मुलीने, मेमी डॉयलने. त्या आराखड्याच्या बोटी डन लेअरीच्या बंदरात आजही शर्यतीत उतरतात. लांबी बदलली, आकार बदलला, आणि तिला क्लासिक म्हणायला कुणाची जीभ अडखळत नाही. का? प्रश्न तोच राहिला म्हणून. पैशाने नव्हे, हाताने जिंकता येईल अशी बोट कोणती, हा तो प्रश्न.

आता उलट टोकाचं उदाहरण घे. उफ्फा फॉक्स या बोटी आखणाऱ्याची ॲव्हेंजर डिंगी, १९२८ सालची, १४ फुटी. सगळ्यांना समान बोट देणं हा तिचा हेतूच नव्हता. छोटी बोट पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर चढून सरकेल का, हे त्याला पाहायचं होतं. म्हणून पुढे खोल, धारदार आणि मागे जात जात सपाट होणारं बूड. त्या हंगामात ती ५७ शर्यतींत उतरली आणि ५२ जिंकली. आज आपण ज्याला प्लेनिंग म्हणतो आणि गृहीत धरतो, ते डिंगीच्या बाबतीत तिच्यामुळे लोकांना पटलं. वॉटर वॅग आणि ॲव्हेंजर शेजारी ठेवल्या तर वय, आकार, वेग, हेतू, एकही गोष्ट जुळणार नाही. तरी दोन्ही क्लासिक. मग तुझे ते गृहस्थ वॉर्निशची चमक कशाला शोधत बसतात?

तुझ्या बोटीकडे येतो.

मिरर १९६२ सालची. जॅक होल्ट हा डिंग्या आखण्यात मुरलेला माणूस, आणि बॅरी बकनेल टीव्हीवर लोकांना घरच्या घरी सुतारकाम शिकवणारा. ज्या वर्तमानपत्राने हे पुढे नेलं त्याच्या नावावरून बोटीला नाव मिळालं. घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच सुरुवातीला ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळायचा. प्रश्न होता: ज्याच्याकडे कारखाना नाही, लाकूड वाकवायला वाफेची पेटी नाही, बोट बांधायचा अनुभव नाही, अशा कुटुंबाला घरात, साध्या हत्यारांनी शिडाची बोट बांधता येईल का? तिच्यातली प्रत्येक गोष्ट या प्रश्नातून निघालेली आहे. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, बोथट, कारण आखूड लांबीत जागा जास्त मिळते. डोलकाठी आखूड आणि तिच्यावर सरकत चढणारी दुसरी काठी, कारण मग सगळ्या काठ्या बोटीच्या लांबीत मावतात आणि गाडीच्या टपावरून नेता येतात. आणि प्लायवुड! प्लायवुड ही तडजोड नाही गं. प्लायवुड हेच उत्तर आहे. फळ्यांची मिरर ही मिररच नव्हे.

तू एक गोष्ट कर. बूड आणि बाजू जिथे मिळतात त्या कडेवरचा रंग वीतभर जागेत हलक्या हाताने घास. अगदी हळू. तुला ठरावीक अंतरावर बारीक हिरवट ठिपके दिसतील, मोहरीएवढे. ती तांब्याची तार आहे. कुणीतरी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, प्लायवुडच्या दोन तुकड्यांच्या कडांना भोकं पाडली, तार ओवली, पक्कडीने पिळली. सपाट तुकडे उभे राहून त्याच्या डोळ्यांसमोर बोट झाली. मग आतून सांध्यावर काचतंतूची पट्टी आणि रेझिन, आणि वाळल्यावर बाहेर आलेल्या तारा कापून टाकल्या. तारेची टोकं आत राहिली, तीच तुला दिसताहेत. ७०,००० हून अधिक मिरर अशा तयार झाल्या. माझ्या डोळ्यांना ते हिरवे ठिपके कुठल्याही वॉर्निशपेक्षा मोलाचे वाटतात, आणि हे मी वॉर्निशवर आयुष्याची सहा वर्षं घालवून सांगतोय.

ती सहा वर्षं तुला सांगायला हवीत.

तुझ्याएवढा असताना माझ्याकडे एक एंटरप्राइज डिंगी होती. हीही होल्टचीच, १९५६ ची, निळ्या शिडांची, प्लायवुडची. मी तिच्यावर शिकलो. उलटली की मी तिच्या बुडातून खाली उतरणाऱ्या फळीवर, सेंटरबोर्डवर, उभा राहून तिला सरळ करायचो, आणि त्या बोर्डाची कड माझ्या तळव्यांना अजून आठवते. मग मलाही कुणीतरी सांगितलं, की प्लायवुड म्हणजे खोकी. खरी बोट क्लिंकर. मी एक क्लिंकर डिंगी घेतली. फळीवर फळी चढवलेली, तांब्याचे रिव्हेट, वाफवून वाकवलेल्या बरगड्या. दिसायला इतकी देखणी, की मी तिला पहिल्या दिवशी कोरड्या जमिनीवर फिरून फिरून पाहत होतो. तिचा आराखडा कुणाचा, ती कशासाठी बांधली, हे मी विकणाऱ्याला विचारलंच नाही. लाकूड विचारलं. साल विचारलं. तू विचारलेस तेच.

ती बरीच वर्षं कोरडी पडली होती, त्यामुळे पाण्यात घातल्यावर चहूकडून झिरपायला लागली. क्लिंकर बोट झिरपतेच. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात आणि गळती आपोआप थांबते. त्यासाठी तिला दोन-तीन दिवस पाण्यात नुसतं सोसायचं असतं. मी सोसलं नाही. बाहेर काढली, खडखडीत वाळवली आणि फळ्यांमधल्या प्रत्येक फटीत इपॉक्सी, म्हणजे वाळून दगडासारखं घट्ट होणारं रेझिन, भरलं. कोरडं ठणठणीत काम झालं. पुढच्या हंगामात लाकूड फुगलं आणि त्याला फुगायला जागाच उरली नव्हती. तळाची फळी रिव्हेटच्या रांगेवरून उभी चिरली आणि चार बरगड्या तडकल्या. तो आवाज मी ऐकला नाही, मी सकाळी आलो तेव्हा झालेलं होतं. वाईट रेझिन नव्हतं, वाईट लाकूड नव्हतं. मला ती बोट काय आहे हेच कळलं नव्हतं. तिची सगळी रचना हलण्यासाठी होती, आणि मी तिला घट्ट बांधून टाकलं.

आणि ही सहा वर्षं माझी एंटरप्राइज ताडपत्रीखाली सरळ पडून होती. ताडपत्री मध्ये खचली, पाणी साचलं, डेकवरून आत उतरलं. शेवटी हात लावला तेव्हा ट्रान्समच्या कोपऱ्यात माझं बोट लाकडात रुतलं, ओल्या पावासारखं. ती मी जाळली. निळी शिडं तेवढी ठेवली आहेत.

आता माझ्याविषयी जे बोललं जातं तेही तुझ्या कानावर गेलं असेल. की हा माणूस जुन्या प्लायवुडच्या बोटींना इपॉक्सी फासतो, सुती शिडाऐवजी टेरिलिनचं, कृत्रिम धाग्याचं शीड लावतो, आणि वर क्लासिकच्या गोष्टी सांगतो. हो, करतो. का करू नये? मिररचे सांधे पहिल्या दिवसापासून काचतंतू आणि रेझिनचेच आहेत. जुनं रेझिन सुटलं म्हणून तिथे मी नवी पट्टी इपॉक्सीने बसवली, तर मी तिच्या जातीचंच काम केलं. क्लिंकरच्या फटीत तेच ओतलं तर खून केला. एकच डबा, एकच ब्रश, आणि एका ठिकाणी दुरुस्ती, दुसऱ्या ठिकाणी नासाडी. फरक फक्त बोटीच्या प्रश्नाचा. हे मी तावातावाने बोलतो हे मला माहीत आहे. पण एक बोट फोडून आणि एक जाळून मी ते शिकलो आहे, तेव्हा आवाज चढला तर चढू दे.

‘मग उद्या फायबरच्या बोटीलाही क्लासिक म्हणाल’, असं तुझ्या त्या गृहस्थांनी विचारलं म्हणतेस. म्हणेन की. आजच म्हणतो. ब्रूस कर्बीची लेझर १९७१ साली बाजारात आली, फायबरग्लासची, एक शीड, एक माणूस, आणि कुठेही बांधली तरी तीच. दोन लाखांहून जास्त झाल्या. तिचा प्रश्न इतका स्वच्छ होता, की उत्तरात एक दोरी जास्तीची सापडत नाही. आणि फायरफ्लाय डिंगीचं काय? लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर एकावर एक चिकटवून, दाबाखाली भट्टीत भाजून घेतलेली ती बोट. विमानं बांधणाऱ्या कंपनीच्या घरात वाढलेली रीत. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये टॉर्बेला पॉल एल्व्हस्ट्रमने तिच्यावरच त्याच्या चार सुवर्णपदकांपैकी पहिलं मिळवलं. तिच्यात ना फळी, ना रिव्हेट. तिला कोण नाही म्हणणार?

वेफेअरर नावाच्या डिंगीबद्दल दोनच ओळी, कारण तुला समुद्रातल्या लांब प्रवासाचं वेड आहे. इयन प्रॉक्टरने १९५७ साली ती १५ फूट १० इंचांची बोट काढली, कुटुंबाला फिरायला आणि शिकायला. फ्रँक डाय १९६३ साली तशाच एका उघड्या बोटीतून आइसलंडला गेला आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला. वादळात डोलकाठी मोडली, बोट उलटली, तरी पोचला. ती प्लायवुडची होती. आता ती संग्रहालयात आहे.

तू घ्यायला निघालेल्या त्या वॉर्निशच्या बोटीचे फोटो मी नीट पाहिले. सुंदर आहे. फळ्यांची वळणं पाहून माझाही जीव गुंतला, खोटं कशाला बोलू. रुंद आहे, मागे भरीव आहे, वल्ह्यांच्या कड्या झिजलेल्या आहेत, आणि डोलकाठीचं भोक नंतर पाडल्यासारखं दिसतं. माझ्या मते ती मोठ्या बोटीवरून माणसं आणि सामान किनाऱ्याला आणणारी बोट होती. हे कमी प्रतीचं काम नव्हे. लाटेत उभ्या माणसाला तोल न जाऊ देता उतरवणं हाही एक प्रश्नच आहे, आणि तिने त्याचं चांगलं उत्तर दिलं असेल. तुला तशी बोट हवी असेल तर घे, वल्हव, वर्षातला बराच काळ तिला पाण्यात ठेव. पण शर्यतीत चारचौघांत मिरवायला हवी असेल तर घेऊ नकोस. मग तू तिला वाळवशील, चमकवशील, आणि मी केलं तेच करशील. तुझ्या पत्रातून मला तेच दिसतंय, म्हणून इतकं लिहितोय.

मिरर विकायची की नाही हे तू ठरव. पण त्याआधी शनिवारी एक बोथट पेचकस घे आणि तिला तपास. ट्रान्समचे खालचे दोन कोपरे, डॅगरबोर्डच्या, म्हणजे बुडातून खाली सरकवायच्या फळीच्या, पेटीचा बुडाशी सांधा, आणि बसायच्या बंद टाक्यांच्या आतले कोपरे. त्या टाक्यांची झाकणं नेहमी बंद राहतात, ओल तिथेच कुजत बसते; आजपासून बोट बाहेर असेल तेव्हा ती उघडी ठेवत जा. पेचकस दाबल्यावर लाकूड टणक लागलं तर फक्त रंग दे. रुतलं तर रुतलेल्या जागेभोवती पेन्सिलने रेघ मार, तिथून चार बोटं बाहेरपर्यंत पुन्हा दाबून बघ, आणि मला फोटो पाठव. काही कापू नकोस, काही भरू नकोस.

तारेचे ठिपके सापडले तर त्यांचाही फोटो काढ. मला दोन ठिपक्यांमधलं अंतर बघायचं आहे. बांधणाऱ्याचा हात नाळेकडे, जिथे प्लायवुड सगळ्यात जास्त पिळलं जातं, तिथे घाबरला होता का, ते त्यावरून कळतं.

तुझा,
काका