श्टुटगार्टमध्ये पगार पुरतो का आणि घरकामाला माणूस मिळतो का?

तुम्ही विचारले आहे की पुण्यातील नोकरी सोडून श्टुटगार्टला आल्यास वार्षिक ५५,००० युरो पगारात पती-पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी यांचे भागेल का, आणि तिथे घरकामाला माणूस मिळतो का, कारण ‘आमच्या घरी आजवर कोणी केर-फरशी केलेली नाही’. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. दुसऱ्याचे मात्र सविस्तर देणार आहे, कारण तुमच्या त्या शेवटच्या वाक्यासारख्याच एका वाक्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा अबोला झालेला आहे.

पगारात भागेल. पत्नी तुमच्यासोबत जर्मनीत राहणार असेल आणि तिला स्वतःचे उत्पन्न नसेल, तर तुम्ही तिसरा करवर्ग निवडावा, म्हणजे पगारातून दरमहा कमी कर कापला जातो. कर आणि विम्याचे हप्ते वजा जाऊन महिन्याला तीन हजार युरोंच्या थोडे वर हातात पडतील. सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्यात न कमावणारी पत्नी आणि मूल यांच्यासाठी वेगळा हप्ता लागत नाही. तीन खोल्यांच्या घराला हीटिंग धरून दीड हजारांच्या आसपास भाडे जाईल. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागतात, पण ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे आणि घरमालक तो आपणहून सांगत नाहीत. चैन होणार नाही, ओढाताणही होणार नाही.

आता घरकाम. माणूस मिळतो, परंतु तुमच्या मनात आहे तसा मिळत नाही. २०२५ मध्ये जर्मनीतील किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते आणि शहरात घरकामाला त्याहून अधिक द्यावे लागते. तासाला १५ युरो धरले आणि बाई रोज दोन तास आली, तर महिन्याचे ९०० युरो होतात, म्हणजे तुमच्या हातातील पगाराचा पावाहून अधिक हिस्सा त्यातच जातो. शिवाय आठवड्याला दोनच तास काम असले तरी त्या व्यक्तीची ‘मिनीजॉब’ (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कमी पगाराची नोकरी) म्हणून रीतसर नोंदणी करावी लागते, म्हणजे तिला अपघात विमा आणि भरपगारी रजा मिळते. नोंदणी न करता रोखीने पैसे देणारे आपले अनेक देशबांधव मला माहीत आहेत. ते बेकायदेशीर आहे आणि माझ्या मते लाजिरवाणेही आहे, कारण त्यात वाचणारे पैसे त्या बाईच्या विम्याचे असतात.

मी मूळचा अमरावतीचा. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये चिंचवडच्या नोकरीतून इथे आलो आणि श्टुटगार्टच्या पश्चिम भागात, जुन्या पद्धतीच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्हांला घर मिळाले. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. तिच्यावर ‘केरवोखे’ असा एकच शब्द होता. कोणीतरी चुकून लावली असेल, असे समजून मी ती काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आमच्या दारावर आली आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात टपालपेटीत हाताने लिहिलेली चिठ्ठी आली. फोनवर भाषांतर करून पाहिल्यावर कळले की गेले दोन आठवडे तिसऱ्या मजल्याचा जिना झाडला गेलेला नाही आणि या घरात तो ज्याच्या दारावर पाटी असेल त्याने झाडायचा असतो.

त्या शब्दाचा अर्थ ‘झाडण्याचा आठवडा’. ‘केरेन’ म्हणजे झाडणे आणि ‘वोखे’ म्हणजे आठवडा. आपल्या ‘केर’ या शब्दाशी त्याचा उच्चार इतका मिळताजुळता आहे की माझ्या आईला तो पहिल्याच दिवशी पाठ झाला, आणि हा योगायोग मला आजही आवडतो. ही पद्धत श्वाबेन प्रांताची, आणि श्टुटगार्टात तिची मुळे १४९२ च्या नगर-नियमापर्यंत जातात. घरची घाण प्रत्येकाने दर आठवड्याला बाहेर नेली पाहिजे, असे त्यात होते. नगरपालिकेची सक्ती १९८८ मध्ये, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, उठली. तोवर ही गोष्ट भाडेकरारांत पक्की बसलेली होती आणि आजही तिथेच आहे. माझ्या करारातही ते कलम होते. मी सही केली होती, वाचले मात्र नव्हते.

पाटी दोन प्रकारची असते. लहान पाळीत आपल्या मजल्यासमोरची जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या झाडून ओल्या फडक्याने पुसायच्या असतात. मोठ्या पाळीत तळघराचा जिना, प्रवेशद्वार, अंगण आणि घरासमोरचा पदपथ येतो, आणि हिवाळ्यात त्या पदपथावरचा बर्फ कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत काढून खडी टाकावी लागते. तिथे कोणी घसरून पडले, तर तुमच्यावर भरपाईचा दावा होऊ शकतो. डिसेंबरच्या अंधारात पाऊण तास फावडे चालवून मग कार्यालयात जाणे ही इथे इंजिनीयरासाठी, डॉक्टरासाठी आणि बँकेच्या अधिकाऱ्यासाठी सारखीच गोष्ट आहे. आमच्या वरच्या मजल्यावर हृदयरोगतज्ज्ञ राहत आणि त्यांना मी बर्फ काढताना अनेकदा पाहिले आहे.

पहिल्या शनिवारी मी आपल्याकडे पडवी धुतात तशी बादली ओतली. पायऱ्या लाकडी होत्या. पाणी दोन मजले खाली गेले आणि तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, ज्यांनी ती चिठ्ठी लिहिली होती, वर आल्या. त्या माझ्यावर रागावतील, असे मला वाटले होते. त्यांनी माझ्या हातातील फडके घेतले, घट्ट पिळले, आणि वरच्या पायरीपासून सुरुवात करून, आधी कोपरा, मग पायरीची कड, मग मधला भाग, अशा तीन पायऱ्या मला करून दाखवल्या. त्यांचे श्वाबी बोलणे मला कळत नव्हते आणि माझे जर्मन तेव्हा नावापुरते होते. त्या दिवसानंतर मात्र त्या मला जिन्यात थांबवून बोलू लागल्या, आणि माझे जर्मन जेवढे वर्गात सुधारले तेवढेच त्या जिन्यातही सुधारले. आमच्या मुलीला पाळणाघर मिळत नव्हते तेव्हा कोणत्या चर्चच्या पाळणाघरात जागा होणार आहे, हे त्यांनीच सांगितले. कार्यालयातील माझे सर्व सहकारी इंग्रजी उत्तम बोलत, परंतु पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यापैकी एकाच्याही घरी मी गेलो नव्हतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले. शनिवारी मी बादली आणि फडके घेऊन बाहेर निघालो तेव्हा आईचा चेहरा उतरला. “ऊठ बापू, मी करते,” असे म्हणत ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. मी ऐकेना तेव्हा तिने हळूच विचारले की सूनबाई घरात आहे ना, मग तू का? माझी पत्नी दारातच उभी होती आणि तिने ते ऐकले. ती तेव्हा नोकरी करत होती, मीही करत होतो, आणि जिना एका पाळीला मी व पुढच्या पाळीला ती अशी आमची वाटणी होती. ही वाटणी आमच्या पुण्याच्या घरात कधीच झाली नसती, कारण तिथे बाई होती, आणि बाई आली नाही तर पत्नी होती. आईला मी दोष देत नाही. लेकाने खाली बसून पुसणे तिला पाहवत नव्हते आणि स्वतः पुसणे तिला चालत होते, हे तिच्या आयुष्यातून आलेले होते.

बाबा काही बोलले नाहीत. ते शाळेत मुख्याध्यापक होते. दर वर्षी २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, ते स्वतः खराटा घेऊन शाळेचे मैदान झाडत आणि आम्हा मुलांनाही झाडायला लावत. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातील शेंडगावचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यांची खराटा घेतलेली तसबीर आमच्या बैठकीत आजही आहे.

२०१९ मध्ये पुतणीच्या लग्नाला अमरावतीला गेलो. पंगत बसलेली असताना दादाने व्याह्यांसमोर माझी ओळख करून दिली आणि पुढे म्हणाला, “इतका शिकला अन् तिथं लोकाईचे जिने पुसून राहिला!” लोक हसले. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण प्रसंग लग्नाचा होता. रात्री घरच्या बैठकीत मी त्याला एकांतात विचारले, तेव्हा तो म्हणाला की आपल्या घरी कोणी हे काम केलेले नाही आणि तू घराण्याची पत घालवलीस. त्यानंतर आम्ही केवळ आई-बाबांच्या औषधांपुरते बोलतो.

जे त्याला त्या रात्री सांगायचे राहिले, ते इथे लिहितो. ज्या बैठकीत दादा हे बोलला, त्या बैठकीची फरशी त्याच सकाळी एका बाईने पुसली होती, आणि तिचा चहाचा कप आमच्या घरात आजही वेगळा, मोरीच्या कट्ट्यावर उपडा असतो. वर भिंतीवर गाडगेबाबांची तसबीर आहे. वर्षातून एक दिवस खराटा हाती घेऊन फोटो काढायचा आणि बाकीचे ३६४ दिवस तो धरणाऱ्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, याला मी घराण्याची पत मानत नाही. श्टुटगार्टात मी लोकांचे जिने पुसलेले नाहीत. जो जिना मी रोज वापरतो तो पुसला, आणि माझ्यानंतरच्या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांनी पुसला.

म्हणून तुमच्या वाक्याबद्दलही स्पष्टच बोलतो. तुमच्या घरी केर-फरशी रोज होत आलेली आहे. ती करणाऱ्या बाईला तुम्ही ‘कोणी’ या शब्दात धरलेले नाही. इथे आल्यावर ते काम तुमच्यापैकी एकाकडे येईल, आणि विमानात बसण्यापूर्वी तुम्ही दोघांनी बोलून वाटणी केली नाही, तर ते सगळे पत्नीकडे जाईल. तुमच्या पगारावर आणि मान्यताप्राप्त पदवीवर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा निवास-परवाना, मिळायला हवे, आणि ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला भाषेची परीक्षा न देता येता येते व पहिल्या दिवसापासून नोकरीही करता येते. हा हक्क घरकामात वाया घालवलेल्या उच्चशिक्षित स्त्रिया मी इथे पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्यांचे नवरे कार्यालयात समानतेवर छान बोलतात.

काही गोष्टी राहून गेल्या, त्या सांगतो. केरवोखे सर्वत्र नसते. नव्या इमारतींत हे काम एखाद्या कंपनीला दिलेले असते आणि त्याचा खर्च भाड्यावरील इतर आकारांत लावला जातो. बर्लिनसारख्या शहरात तुम्हांला ही पाटी बहुधा दिसणारही नाही. घर पाहायला जाल तेव्हा करारात हे कलम आहे का, हे विचारा. सगळे शेजारी आमच्या शिक्षिकाबाईंसारखे नसतात. केवळ चिठ्ठ्या लिहिणारे आणि कधीच वर न येणारेही असतात. पाठीचे दुखणे असेल किंवा भारतात जायचे असेल, तर पाळी शेजाऱ्याशी बदलून घेता येते, मात्र ते आधी सांगावे लागते. पाळणाघराच्या जागेवर मुलाला एक वर्ष पूर्ण झाल्यापासून २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे, परंतु श्टुटगार्टात हक्क आणि जागा यांच्यात अनेक महिने जातात. त्यामुळे पत्ता मिळताच मुलीचे नाव एकाच वेळी अनेक ठिकाणी नोंदवा, चर्चच्या पाळणाघरांतही नोंदवा. तिथे हिंदू मुलांना घेतात, आमची मुलगी तिथेच वाढली.