तुमचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं : परदेशी माणसाला आपल्याकडे हक्क असतात का?

या वेळी पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे वेगवेगळ्या गावांतून आली तरी प्रश्न जवळपास एकच आहे, की जो भारताचा नागरिक नाही त्याला आपली घटना काही देते का. म्हणून हा अंक त्याच विषयाला दिलाय.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत नेपाळचा वॉचमन आहे, बायको आणि ७ वर्षांची मुलगी इथेच राहतात. मुलीला शाळेत घ्यायला तयार नाहीत, आधार नाही जन्मदाखला नाही म्हणतात. त्यात मागच्या महिन्यात बिल्डिंगमध्ये चोरी झाली तर त्याला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. मी मीटिंगमध्ये बोललो तर लोक म्हणाले तो परदेशी, त्याला कसले हक्क. खरं काय ते सांगा. – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तुम्ही मीटिंगमध्ये बोललात याबद्दल तुमचं मनापासून कौतुक, कारण अशा वेळी बहुतेक जण गप्प बसतात.

आता खरं काय ते. राज्यघटनेचा मूलभूत हक्कांचा भाग उघडा आणि फक्त एक गोष्ट बघा, कुठे ‘व्यक्ती’ लिहिलंय आणि कुठे ‘नागरिक’. कलम १४, म्हणजे कायद्यापुढे समानता, तिथे व्यक्ती आहे. कलम २१, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्य, तिथेही व्यक्ती. कलम १९ मध्ये मात्र, म्हणजे भाषण, सभा, संघटना, देशात कुठेही राहणं, धंदा करणं, तिथे नागरिक असं स्पष्ट आहे. १५, म्हणजे धर्म-जात-लिंगावरून भेदभाव नको, आणि १६, म्हणजे सरकारी नोकरीत समान संधी, हे पण नागरिकांसाठीच. हे शब्द चुकून पडलेले नाहीत, घटना समितीत एकेका शब्दावर वाद झालेत.

तर चौकीचं बघू. कलम २२ सांगतं की अटक केली तर कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. यातून बाहेर ठेवलेत ते शत्रुराष्ट्राचे नागरिक आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतले, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून ठेवलेले लोक, तुमचा वॉचमन दोन्हीत बसत नाही. ‘अटक नाही केली, नुसतं बसवलं’ हे उत्तर तर आणखी वाईट, कारण मग कुठल्या अधिकारात बसवलं? लोक मला अजून चिडून विचारतात की कसाबला वकील कशाला दिला. अहो, २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की खटल्यात वकील मिळणं हा आरोपीचा हक्क आहे, आणि तो वकील दिला म्हणूनच ती शिक्षा जगासमोर टिकली. मग ज्याच्यावर नुसता संशय आहे त्या वॉचमनला आपण त्याहून कमी देणार का? २००० साली सुप्रीम कोर्टाने एका बांगलादेशी महिलेला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली होती, हावडा स्टेशनच्या यात्री निवासात तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला होता. ती परदेशी आहे म्हणून कलम २१ लागू नाही असं कोर्टाने मानलं नाही.

मुलीचं तर अगदी सोपं आहे. कलम २१अ मध्ये ६ ते १४ वयाची सगळी बालकं आहेत, नागरिकांची बालकं असं तिथे लिहिलेलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये तर सरळ म्हटलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. तुम्ही लेखी अर्ज द्या, नकार असेल तर तो पण लेखी मागा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर महापालिकेचा शिक्षण विभाग आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायका, मुलं आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील देतं.

आणि नेपाळचं एक वेगळं आहे बरं का, १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची मुभा आहे. ती करारातून आलीय, घटनेतून नाही. पण तुमच्या सोसायटीतल्या लोकांना एवढं ऐकवायला पुरे आहे.

प्रश्न : मुलगा अमेरिकेचा सिटिझन झाला, ओसीआय कार्ड काढलंय. गावाकडे शेजारची दोन एकर विकायला आहे, त्याच्या नावावर घेता येईल का? मतदान करता येईल का? – सातारा

उत्तर : दोन्ही नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) म्हणजे दुहेरी नागरिकत्व असं सगळे समजतात पण तसं नाहीये, तो आयुष्यभराचा व्हिसा आणि वर काही सवलती एवढंच. मत नाही, सरकारी नोकरीत कलम १६ ची समान संधी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमची शेती त्याला वारसाने मिळू शकते. फ्लॅट घ्यायचा तर घेऊ शकतो.

प्रश्न : माझा भाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेला. त्याचं म्हणणं आम्ही मूळचे गोंयकार, जन्म इथला, आमचं नागरिकत्व कोण काढणार? घरी त्याचं जुनं मतदार कार्ड तसंच आहे. – डिचोली, गोवा

उत्तर : भावाचं गोव्याशी नातं कोणी काढू शकत नाही पण नागरिकत्व गेलं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ म्हणतं की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं, त्याला वेगळा हुकूम लागत नाही. जुना पासपोर्ट सरेंडर करायचा, मतदार यादीतलं नाव काढायचं, आणि तो जुना पासपोर्ट वापरला तर गुन्हा होतो हे त्याला आजच फोन करून सांगा.

गोव्यात हा प्रश्न जुना आहे. १९६२ च्या आदेशाने गोवेकरांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानलं, ज्याला नको त्याने एका महिन्यात तसं लिहून द्यायचं होतं. फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज राहायचं लिहून दिलं, मग इथे राहायच्या परवान्याची मुदत संपल्यावरही ते गेले नाहीत, खटला झाला आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टात ते हरले. जन्मभूमीत राहायचा हक्कसुद्धा एका कागदावर अवलंबून असतो हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं, पण कायदा असाच आहे, कलम १९ नागरिकांपुरतंच आहे. भावाने ओसीआय काढावं, येणंजाणं सोपं होईल.

प्रश्न : हॉस्टेलला आफ्रिकेतले मित्र आहेत, त्यांना इथे प्रार्थनेला जाता येतं का? – विद्यार्थी, पुणे

उत्तर : हो. कलम २५ मध्ये ‘सर्व व्यक्ती’ आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने कोरोनाकाळातल्या तबलिगी प्रकरणात (धर्मप्रचार करून व्हिसाच्या अटी मोडल्या असा आरोप होता) २९ परदेशी लोकांवरचे अहमदनगरचे गुन्हे रद्द केले, तो निकाल मिळाला तर जरूर वाच. फक्त व्हिसाच्या अटी सांभाळायच्या.

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या तालुक्यात तिबेटी कॅम्प आहे. माझा शाळेतला मित्र तिथलाच, हिवाळ्यात नागपूरला स्वेटर विकतो. जन्म १९८४ चा, बहिणीचा १९९० चा, दोघंही कॅम्पमध्येच जन्मले, आईवडील तिबेटहून आलेले. मराठी आमच्यासारखीच बोलतात. यांचा देश कोणता? – अर्जुनी मोरगाव, गोंदिया

उत्तर : तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं, कारण एकाच घरात दोन उत्तरं द्यावी लागणार आहेत.

मित्र भारतीय आहे. कोणी बनवायची गरज नाही, जन्मापासूनच आहे. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो नागरिक, आईवडील कुठले हे कायदा विचारत नाही. २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टात १९८६ ला जन्मलेल्या तिबेटी मुलीचा पासपोर्टचा खटला होता, तिच्या कागदांवर ‘तिबेटी’ लिहिलंय म्हणून पासपोर्ट नाकारलेला, कोर्ट म्हणालं की तेवढ्याने जन्माने मिळालेलं नागरिकत्व जात नाही. २०१४ मध्ये निवडणूक आयोगानेही अशा लोकांची नावं यादीत घ्यायला सांगितलं.

बहीण मात्र नाही. १ जुलै १९८७ नंतर आई किंवा वडील, एक तरी भारतीय लागतो. तिच्याकडे परदेशी म्हणून नोंदणी प्रमाणपत्र असेल, ते ठरावीक मुदतीने वाढवून घ्यायचं, परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी ते पिवळं पुस्तक, म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट. जिला कुठलाच देश आपली म्हणत नाही तिला राज्यविहीन म्हणतात, मोठा शब्द आहे पण अर्थ तुमच्या शाळेच्या अंगणातला आहे.

तिला काय मिळतं? कलम १४, २० (एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही वगैरे), २१, २२, २५ सगळं मिळतं, हायकोर्टात जाता येतं. १९९६ मध्ये पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलला आलेल्या चकमा लोकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं काम आहे. ती माणसं १९६४ पासून तिथे होती आणि त्यांना निघून जायच्या धमक्या मिळत होत्या. मत मिळत नाही, आणि धंदा ती हक्काने नाही तर परवानगीने करते.

आणि एक कडू गोष्ट पण सांगते कारण खोटा धीर देऊन उपयोग नाही. २०२१ मध्ये म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं की १४ आणि २१ सगळ्यांना आहेत, पण परत न पाठवलं जाण्याचा हक्क कलम १९ शी जोडलेला, म्हणजे नागरिकाचा. रीतसर प्रक्रिया पाळावी लागते इतकंच संरक्षण. १९५१ च्या निर्वासित करारावर आणि १९५४ च्या राज्यविहीन लोकांच्या करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तो व्हायला हवा असं मला वकिली सुरू केल्यापासून वाटतंय.

सध्या करायचं ते असं. बहिणीच्या प्रमाणपत्राची मुदत एक दिवसही चुकू देऊ नका. शाळेचे दाखले, जन्माची नोंद, सगळ्याच्या प्रती काढून ठेवा. आणि मित्राचं नाव अजून मतदार यादीत नसेल तर जन्माचा पुरावा जोडून फॉर्म ६ भरा, निवडणूक लागायची वाट बघत बसू नका.