थर दिसतात, मग बारीक पोकळी का सुटते?

प्रश्न : सिस्मिक सर्व्हेत (जमिनीला धक्का देऊन परत येणाऱ्या लहरी ऐकायच्या) जमिनीखालचे थर मस्त दिसतात, मग छोटी पोकळी किंवा बारीक फॉल्ट (खडक तुटून सरकल्याची भेग) का दिसत नाही? डिफ्रॅक्शनने दिसतात म्हणे, ते कसं?

उत्तर : सगळा घोळ वेव्हलेंग्थचा आहे. खडकात लहरीचा वेग सेकंदाला ३००० मीटर आणि फ्रिक्वेन्सी ३० हर्ट्झ धरली तर वेव्हलेंग्थ होते १०० मीटर, आता एवढ्या लांब लहरीला १० मीटरची पोकळी म्हणजे किस झाड की पत्ती, तिच्यावरून थरासारखं सरळ रिफ्लेक्शन येतच नाही. पण लहर तिथे आपटून सगळीकडे विखुरते, तेच डिफ्रॅक्शन. फॉल्टच्या तुटक्या कडेवरही हेच होतं.

हे रेकॉर्डमध्ये कसं दिसतं बघा. समजा पोकळी १०० मीटर खाली आहे, लहरीचा वेग सेकंदाला २००० मीटर आहे, आणि धक्का देणं न् ऐकणं एकाच जागी चाललंय. बरोब्बर डोक्यावर उभं राहिलात तर लहर १०० मिलिसेकंदात जाऊन परत येते, ७५ मीटर बाजूला सरकलात की तिरकं अंतर १२५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद. असे सगळे पॉइंट जोडले की उलट्या कढईसारखा वक्र येतो, हायपरबोला, आणि त्याचं सगळ्यात वरचं टोक जिथे तिथेच खाली पोकळी.

मग आधीच का नाही वापरलं? कारण हा सिग्नल फार कमजोर असतो, थरांच्या दणदणीत रिफ्लेक्शनखाली दबून जातो, त्यात नेहमीचं प्रोसेसिंग थर सलग दिसावेत म्हणूनच केलेलं, त्यात हा बिचारा कचऱ्यात जातो (माझ्या मते खरा माल तिथेच असतो). फोमेल, लांडा आणि टॅनर या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सलग उतार असलेलं सगळं आधी वजा करतात, उरलेल्या डिफ्रॅक्शनचं मायग्रेशन करतात, म्हणजे पसरलेली एनर्जी परत एका ठिपक्यात गोळा करतात. हे करताना लहरीचा वेग अंदाजाने धरावा लागतो, तो कमी धरला तर वक्र उलट्या कढईसारखाच राहतो, जास्त धरला तर हसऱ्या तोंडासारखा वर वळतो, नीट ठिपका झाला की समजायचं वेग बरोबर, हा फुकटचा फायदा.

मात्र ठिपका दिसला म्हणून पोकळीचा आकार कळला असं नाही, फक्त जागा कळते. आणि सर्व्हे एकाच लाइनवर केला असेल तर बाजूला असलेल्या वस्तूचा हायपरबोलाही लाइनखालीच असल्यासारखा दिसतो, त्यामुळे थ्रीडी डेटा नसताना त्या ठिपक्यावर डायरेक्ट ड्रिलिंग करू नका.