विचारा की! : उंदीर, बेडूक आणि माळकरी आजी

प्रश्न : सर नमस्कार, मी शहाद्याकडची, एम.फार्म.ला आहे. प्रोजेक्टमध्ये डायबेटीसच्या औषधासाठी पांढऱ्या उंदरांवर काम करायचंय. घरी सगळे माळकरी. आजीला कळल्यापासून ती माझ्या हातचं पाणी पण घेत नाहीये, म्हणते मुके जीव मारून कसली औषधं शोधता. हे कायद्यात बसतं का? आणि आजीला काय सांगू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : पोरी, आधी कायद्याचं बघू, ते सोपं आहे.

बसतं, पण अटी आहेत. बैलाला उगाच मारणाऱ्याला धरतो ना, तोच १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, भरतनाट्यमवाल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरला म्हणून झालेला, त्यातच प्रयोगांवर एक अख्खं प्रकरण आहे. नवं ज्ञान मिळवायला, जीव वाचवायला, रोगाशी लढायला प्रयोग केला तर तो गुन्हा नाही असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्यावर लक्ष ठेवायला केंद्राची समिती आहे, आधी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए. १९९८ च्या नियमांप्रमाणे कॉलेजला तिथे नोंदणी लागते, प्राणी नोंदणी असलेल्या ब्रीडरकडूनच घ्यावे लागतात (गल्लीतलं कुत्रं उचलून आणलं असं चालत नाही) आणि प्रत्येक प्रोजेक्टला कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, जनावरांचा डॉक्टर असतो, केंद्राच्या समितीनं नेमलेला एक माणूस असतो आणि विज्ञानाशी काही संबंध नसलेला एक साधा माणूस पण असतो.

हा साधा माणूस फार कामाचा बरं का. मी एका कॉलेजच्या कमिटीवर बाहेरचा म्हणून काही दिवस बसलोय, तिथे हे पद एका रिटायर्ड शाळामास्तरांकडे होतं. एक प्रोजेक्ट आलं, सहा ग्रुप, प्रत्येकी दहा, साठ उंदीर. आम्ही शिकलेली मंडळी पानं उलटत होतो आणि मास्तर म्हणाले, "साठच का हो? कमी घेतले तर काय बिघडतं?" गाइड गडबडले, म्हणे मागच्या बॅचनं पण साठच घेतले होते. झालं. हिशोब परत मांडला, सहाच्या ग्रुपवर काम भागलं, छत्तीस. म्हणजे चोवीस जीव एका साध्या प्रश्नानं वाचले आणि तो प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता याची मला अजून लाज वाटते.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी हेच मांडलं होतं, प्राण्याऐवजी दुसरं काही चालतं का बघा, नसेल चालत तर कमीत कमी घ्या आणि जे घेतले त्यांना त्रास कमीत कमी द्या. तुझ्या हातात शेवटचं जास्त आहे. डायबेटीस केलेला उंदीर सारखं पाणी पितो आणि सारखा मुततो, पिंजऱ्यातला भुसा रात्रीतून चिंब होतो. तो भुसा वेळेवर बदलणं, बाटलीत पाणी आहे का बघणं, मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असताना लाइट गेली तर त्या खोलीचं काय हे आधीच विचारून ठेवणं, एथिक्स म्हणजे बरंचसं हेच. आणि मंजुरीचा नंबर गाइडकडून मागून घे. "आधी सुरू कर, कागद मागून करू" असं कुणी म्हटलं तर सुरू करू नको, नंतर पेपर छापायला गेलीस की तिथे पण तो नंबर विचारतातच.

आता आजी. "यात पाप नाही" असं तिला पटवायला जाऊ नको, मला स्वतःलाच ते छातीठोक सांगता येत नाही. पण माझ्या चुलतभावाचं तिला सांग. कापसात निंदणी चालू होती, एकदम ओरडला, "काहीतरी चावनं माले!" घोणस होती. पाय मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त. मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेला, सलाइनमधून सापाच्या औषधाच्या वायलवर वायल गेल्या, वाचला. ते औषध घोड्याच्या रक्तातून येतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष घोड्याला थोडं थोडं वाढवत टोचतात, मग त्याचं रक्त काढून औषध वेगळं करतात. मुंबईत परळची हाफकिन संस्था वर्षानुवर्षं हेच करत आलीय. म्हणजे माझा भाऊ घोड्याच्या उपकारावर जगतोय आणि त्या घोड्याला कुणी विचारलं नव्हतं हे पण तितकंच खरं.

आणि आजीला कुत्रं चावल्यावरची पोटातली चौदा इंजेक्शनं नक्की आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. २००४-०५ च्या सुमारास आपल्याकडे ती बंद झाली, आताची लस लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर बनते, मेंढी सुटली आणि पोटाची पण सुटका झाली. पाणी घ्यायचं की नाही ते मग आजी ठरवेल.

प्रश्न : माझ्या दादानं बी.एस्सी.ला बेडूक कापला होता, आम्हाला नुसतं कॉम्प्युटरवर दाखवतात. आमचं नुकसान होतंय का?
– एक विद्यार्थी, यावल

उत्तर : भाऊ, मी पोरांकडून किती बेडूक कापून घेतले असतील त्याचा हिशोब नाही. पहिल्या पावसात नाल्यावरून पोरं पोतं भरून आणायची, क्लोरोफॉर्मचा बोळा बरणीत टाकायचा, मग मेणाच्या ट्रेमध्ये चारी पाय टाचणीनं पक्के. पोट उघडलं तरी हृदय टकटक करत असायचं आणि ते बघायला गर्दी व्हायची. खरं सांगू? त्या गर्दीतल्या बहुतेकांनी नंतर जन्मात बेडकाचं काही केलं नाही, कुणी बँकेत गेला, कुणी केळी लावली. आणि मजा म्हणजे पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी भागत असेल तर कॉलेजात प्राणी वापरणं टाळा हे त्या १९६० च्या कायद्यातच लिहिलेलं आहे, आम्ही कुणी वाचलंच नव्हतं. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१४ मध्ये झूऑलॉजीचं डिसेक्शन, म्हणजे ही कापाकापी, बंद करायला सांगितलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो होतो. आता वाटतं उशीरच झाला. सर्जन व्हायचं असेल त्याला पुढे हात चालवायला मिळतोच, तू कॉम्प्युटरवर नीट बघ, परत परत बघ, आमच्या बेडकाला रिवाइंड नव्हतं.

प्रश्न : क्रीमच्या डबीवर "प्राण्यांवर चाचणी केलेली नाही" असं लिहून जास्त पैसे घेतात. खरं असतं का? आणि कुणी नियम मोडला तर शिक्षा काय?
– एक गृहिणी, धुळे

उत्तर : ताई, कॉस्मेटिकची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात २०१४ पासून बंदीच आहे आणि तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायला पण त्याच वर्षी बंदी आली. त्यामुळे नुसत्या त्या ओळीसाठी जादा पैसे मोजू नका.

शिक्षेचं विचारलंत तर हसू नका, प्रयोगांबाबत केंद्राच्या समितीनं घातलेली अट मोडली तर १९६० च्या त्या कायद्यात दंड आहे जास्तीत जास्त २०० रुपये. तुमची क्रीमची डबी त्यापेक्षा महाग असेल.